मान्यतेच्या परिघाबाहेर: प्रोग्रेसिव्ह रॉक आणि 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ची निवडदृष्टी

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लोकप्रिय संगीताचा इतिहास लिहिण्याचे काम विद्यापीठांपेक्षा नियतकालिके, ध्वनिमुद्रण कंपन्या आणि सन्मान देणाऱ्या संस्था यांनीच अधिक केले. अमेरिकेतील 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' ही या संस्थांपैकी सर्वांत प्रभावी संस्था होय. 'अटलांटिक रेकॉर्ड्स' या कंपनीचे सहसंस्थापक अहमत एर्टेगुन यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये तिचे प्रतिष्ठान स्थापन झाले, १९८६ मध्ये पहिल्या कलावंतांचा समावेश झाला आणि १९९५ मध्ये ओहायो राज्यातील क्लीव्हलंड येथे, वास्तुविशारद आय. एम. पेई यांनी रचलेल्या इमारतीत, तिचे संग्रहालय खुले झाले. पहिले व्यावसायिक ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यानंतर पंचवीस वर्षांनी कलावंत निवडीस पात्र ठरतो. एक नामांकन समिती नावे सुचविते आणि कलावंत, अभ्यासक व उद्योगातील जाणकार अशा एक हजारांहून अधिक मतदारांकडे मतपत्रिका जातात. रॉक संगीताच्या विकासावरील प्रभाव व त्यातील योगदानाचे महत्त्व हा निवडीचा घोषित निकष आहे.

या निकषाच्या आधारे पाहिले असता एक प्रवाह ठळकपणे बाजूला राहिलेला दिसतो. तो म्हणजे १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये उदयास आलेला 'प्रोग्रेसिव्ह रॉक'. पिंक फ्लॉइड (१९९६), जेनेसिस (२०१०), रश (२०१३), येस (२०१७) व मूडी ब्लूज (२०१८) यांना प्रवेश मिळाला. मात्र किंग क्रिमसन, जेथ्रो टल, इमर्सन लेक अँड पामर, सॉफ्ट मशीन, व्हॅन डर ग्राफ जनरेटर आणि जेंटल जायंट या वाद्यवृंदांची नावे २०२५ पर्यंतच्या समावेशितांच्या यादीत आढळत नाहीत. ही वगळणूक कशातून घडली आणि तिच्यातून संस्थेच्या अभिरुचीविषयी काय कळते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रवाहाचे सांगीतिक स्वरूप

प्रोग्रेसिव्ह रॉकची व्याख्या करणे अवघड असले तरी त्याच्या प्रारंभबिंदूविषयी अभ्यासकांत बरेच एकमत आहे. १० ऑक्टोबर १९६९ रोजी प्रसिद्ध झालेली 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' ही किंग क्रिमसनची पहिली ध्वनिमुद्रिका या प्रवाहाचे पहिले पूर्ण रूप मानली जाते. रॉबर्ट फ्रिप यांची गिटार, इयन मॅकडोनल्ड यांचे सॅक्सोफोन, बासरी व मेलोट्रॉन, मायकल जाइल्स यांचे तालवादन, ग्रेग लेक यांचे गायन आणि पीटर सिनफील्ड यांची पद्यरचना यांतून ती घडली. मेलोट्रॉन या वाद्यात प्रत्येक पट्टीमागे पूर्वमुद्रित ध्वनिफीत असते. पट्टी दाबताच तंतुवाद्यसमूहाचा वा वृंदगानाचा सूर उमटतो, परंतु फीत काही सेकंदांतच संपते. त्यामुळे त्या सुराला एक थरथरता, किंचित विस्कटलेला पोत येतो. मूळ वाद्यवृंदाची भव्यता आणि यंत्राची अपूर्णता यांच्या मिश्रणातून या प्रवाहाचा ओळखीचा नाद सिद्ध झाला.

मराठी वाचकास या संगीतातील लयविचार विशेष उद्बोधक वाटेल. इमर्सन लेक अँड पामर यांच्या 'टार्कस' (१९७१) या दीर्घ रचनेचा आरंभ पाच मात्रांच्या आवर्तनात आहे, तर जेनेसिसच्या 'सपर्स रेडी' (१९७२) या सुमारे तेवीस मिनिटांच्या रचनेतील एक खंड नऊ मात्रांत बांधलेला आहे. रूपक, झपताल ऐकणाऱ्या कानाला पाच, सात वा नऊ ही संख्या नवी नाही. फरक निराळ्या ठिकाणी आहे. हिंदुस्थानी तालात आवर्तन एकदा स्वीकारले की ते टिकून राहते. खाली-भरीच्या भानामुळे समेची अपेक्षा श्रोत्याच्या मनात सतत जागी असते आणि विस्ताराचे सारे स्वातंत्र्य त्या चौकटीच्या आत मिळते. येथे मात्र चौकटच बदलत राहते. समेवर येण्याचा आनंद देण्याऐवजी श्रोत्याला पुनःपुन्हा जागा शोधायला लावणे, हा या रचनाकारांचा हेतू असतो. त्यामुळे नाचण्यास सोयीच्या ठोक्यावर उभ्या असलेल्या रॉक अँड रोलच्या परंपरेत हे संगीत परके वाटले, तर त्यात आश्चर्य नाही.

या प्रवाहावर युरोपीय अभिजात संगीताची उसनवारी केल्याचा आरोप वारंवार होतो. इमर्सन लेक अँड पामर यांनी मुसोर्ग्स्कीच्या 'पिक्चर्स अॅट अॅन एक्झिबिशन'चे रूपांतर केले आणि १९७७ मध्ये एरन कोपलंड यांच्या रचनेवर आधारित मुद्रिका ब्रिटनच्या विक्रीयादीत दुसऱ्या स्थानापर्यंत नेली, हे खरेच आहे. परंतु उसनवारीचा हा एकच स्रोत नव्हता. जेथ्रो टलची पहिली ध्वनिमुद्रिका (१९६८) ब्लूज संगीताच्या मुशीतून निघाली होती. किंग क्रिमसनच्या पहिल्या मुद्रिकेतील आरंभीची रचना जाझच्या आक्रमक सामूहिक वादनावर उभी आहे. सॉफ्ट मशीनने तर ऑगस्ट १९७० मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील 'प्रॉम्स' या अभिजात संगीतमालिकेत वादन केले, तेव्हा त्यांचे संगीत रॉकपेक्षा जाझच्या अधिक जवळ गेलेले होते. आफ्रिकी-अमेरिकी वारसा या प्रवाहात नव्हताच, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. तो जाझच्या वाटेने आला होता आणि समीक्षकांची नजर ब्लूजच्या वाटेवर खिळलेली होती.

समीक्षेची घडण

हॉल ऑफ फेमची अभिरुची समजून घ्यायची तर १९७० च्या दशकातील अमेरिकी रॉक समीक्षेकडे जावे लागते. १९६७ मध्ये सुरू झालेले 'रोलिंग स्टोन' हे नियतकालिक आणि 'क्रीम'सारखी मासिके यांनी रॉक समीक्षेला स्वतंत्र वाङ्मयप्रकाराचा दर्जा मिळवून दिला. लेस्टर बँग्ज, रॉबर्ट क्रिस्टगाउ यांसारख्या समीक्षकांची भाषा जिवंत, बोचरी आणि प्रभावी होती. त्यांच्या मूल्यव्यवस्थेत उत्स्फूर्तता, साधेपणा, शारीर ऊर्जा व रस्त्यावरचा अनुभव यांना सर्वोच्च स्थान होते. शिस्तबद्ध वादनकौशल्य, दीर्घ रचना व वाङ्मयीन संदर्भ यांकडे ते दिखाऊपणाची लक्षणे म्हणून पाहत. बँग्ज यांनी १९७४ मध्ये इमर्सन लेक अँड पामर यांच्यावर केलेले प्रहार या दृष्टीचे नमुनेदार उदाहरण आहेत.

एडवर्ड मॅकन यांनी 'रॉकिंग द क्लासिक्स' (१९९७) या ग्रंथात या दृष्टीमागील ब्लूजनिष्ठ सनातनीपणाकडे लक्ष वेधले आहे. ब्लूजपासून जेवढे दूर, तेवढे रॉक कमी अस्सल, असे हे गृहीतक होते. जॉन शाइनबॉम यांनी २००२ च्या 'प्रोग्रेसिव्ह रॉक रिकन्सिडर्ड' या संपादित ग्रंथातील आपल्या निबंधात मूल्यांच्या उलटापालटीची चर्चा केली आहे. अभिजात संगीताच्या चर्चेत जे गुण ठरतात तेच रॉकच्या चर्चेत दोष ठरतात. प्रोग्रेसिव्ह रॉक या दोन मूल्यव्यवस्थांच्या मध्ये सापडते आणि दोन्हीकडून दोषी ठरते. या विश्लेषणाला पियरे बोर्दिये यांच्या 'डिस्टिंक्शन' (१९७९) या ग्रंथातील विचाराची जोड देता येते. अभिरुचीचा निवाडा हा नेहमीच सामाजिक स्थानाचा निवाडाही असतो, हे त्यांचे प्रतिपादन. या प्रवाहातील अनेक वादक इंग्लंडच्या सुशिक्षित मध्यमवर्गातून आले होते. जेनेसिसचे संस्थापक तर 'चार्टरहाउस' या उच्चभ्रू निवासी शाळेचे विद्यार्थी. गंमत अशी की, त्यांना वर्गीय कारणावरून नाकारणारे समीक्षकही बहुधा महाविद्यालयीन शिक्षण घेतलेले मध्यमवर्गीयच होते. श्रमिकांच्या संगीताची बाजू घेऊन त्यांनी आपल्याच वर्गातील दुसऱ्या अभिरुचीशी भांडण मांडले, असे म्हणता येईल.

ही दृष्टी नियतकालिकापुरती राहिली असती तर तिचे महत्त्व मर्यादित ठरले असते. परंतु 'रोलिंग स्टोन'चे सहसंस्थापक यान वेनर हे हॉल ऑफ फेमच्याही संस्थापकांपैकी एक होते आणि त्या नियतकालिकाच्या वर्तुळातील मंडळींना निवडप्रक्रियेत दीर्घकाळ वजन होते. एका पिढीची समीक्षा अशा रीतीने संस्थेची स्मृती बनली. यातील विसंगती एर्टेगुन यांच्या बाबतीत अधिकच जाणवते. येसच्या ध्वनिमुद्रिका, तसेच किंग क्रिमसन व इमर्सन लेक अँड पामर यांच्या अमेरिकेतील मुद्रिका 'अटलांटिक' वा तिच्या उपकंपनीकडूनच बाजारात आल्या होत्या. ज्या संगीताने संस्थापकाच्या कंपनीला उत्पन्न दिले, त्याला संस्थेच्या दारात थांबावे लागले.

प्रवेश मिळालेल्यांचा मार्ग

ज्यांना प्रवेश मिळाला त्यांची उदाहरणे तपासल्यास चित्र आणखी स्पष्ट होते. जेनेसिसचा सन्मान झाला, तेव्हा त्या वाद्यवृंदामागे १९८० च्या दशकातील सुटसुटीत, नभोवाणीस अनुकूल गीतांचे प्रचंड यश उभे होते. येसचे एक गीत जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या विक्रीयादीत अग्रस्थानी पोहोचले होते आणि ते 'क्लोज टू द एज' (१९७२) या त्यांच्या श्रेष्ठ दीर्घरचनेहून सर्वथा भिन्न होते. पिंक फ्लॉइडची विक्रीच एवढी होती की, त्यांना वगळणे संस्थेला परवडले नसते. रशच्या बाबतीत श्रोत्यांच्या निष्ठेने काम केले. १९९८ पासून पात्र असलेल्या या कॅनेडियन त्रयीचा समावेश २०१३ च्या तुकडीत झाला. त्या निवडीसाठी २०१२ मध्ये प्रथमच श्रोत्यांचे मत घेण्यात आले आणि त्यात रश आघाडीवर होते. मूडी ब्लूजना तर पात्रतेनंतर सुमारे तीन दशके वाट पाहावी लागली. त्यांचे बासरीवादक रे थॉमस जानेवारी २०१८ मध्ये निवर्तले. सोहळा एप्रिलमध्ये झाला. येसचे संस्थापक ख्रिस स्क्वायर यांचेही निधन सन्मानापूर्वी दोन वर्षे, २०१५ मध्ये झाले होते. विलंबाची किंमत अशी माणसांच्या आयुष्यात मोजावी लागते.

यावरून व्यावसायिक यश हाच खरा निकष आहे, असा निष्कर्ष कोणी काढील. जेथ्रो टलचे उदाहरण त्याला छेद देते. 'थिक अॅज अ ब्रिक' (१९७२) आणि 'अ पॅशन प्ले' (१९७३) या त्यांच्या दोन्ही मुद्रिका मूलतः एकेका अखंड रचनेच्या असूनही अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेल्या. त्याच देशातील संस्थेने या वाद्यवृंदाला नामांकनही दिलेले नाही. १९८९ मध्ये हार्ड रॉक व मेटल या नव्या गटाचे पहिले ग्रॅमी पारितोषिक मेटालिकाऐवजी टलला मिळाले आणि त्यांचे नाव थट्टेचा विषय झाले, हेही खरे. बासरी वाजविणाऱ्या नायकाचा वाद्यवृंद 'मेटल' म्हणून गौरविला जावा, ही परीक्षकांची चूक होती. उपहास मात्र वादकांच्या वाट्याला आला. मेटालिकाचा हॉल ऑफ फेममध्ये २००९ मध्ये समावेश झाला. म्हणजे विक्री आवश्यक असली तरी पुरेशी नाही. विक्रीच्या जोडीला त्या कलावंताने आपले 'प्रोग्रेसिव्ह' रूप मागे टाकलेले असणे, किंवा श्रोत्यांचा रेटा नाकारता न येण्याइतका वाढणे, यांपैकी काहीतरी घडावे लागते.

प्रोकोल हॅरमचे प्रकरण याहून चमत्कारिक आहे. हा वाद्यवृंद २०१३ च्या निवडीसाठी नामांकित झाला, पण निवडला गेला नाही. पुढे २०१८ मध्ये संस्थेने एकेका गीताचा गौरव करणारा नवा विभाग सुरू केला आणि त्यातील पहिल्या सहा गीतांत त्यांचे १९६७ चे 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' समाविष्ट केले. गीत ऐतिहासिक, गीतकर्ते मात्र नाहीत! त्यांचे गायक व पियानोवादक गॅरी ब्रूकर २०२२ मध्ये गेले.

आक्षेपांतील तथ्य

वगळलेल्यांविषयीच्या सहानुभूतीने समीक्षकांचे सर्वच आक्षेप फेटाळणे योग्य होणार नाही. इमर्सन लेक अँड पामर यांनी १९७७ मध्ये सुमारे सत्तर वादकांचा वाद्यवृंद सोबत घेऊन दौरा काढला आणि तो आर्थिकदृष्ट्या कोसळला. त्या भव्यतेला सांगीतिक गरजेपेक्षा प्रदर्शनाची हौस अधिक कारणीभूत होती. या प्रवाहातील पद्यरचना अनेकदा धूसर प्रतिमांच्या ओझ्याखाली दबलेली आहे. स्त्रियांचे स्थान तर नगण्यच होते; रेनेसाँ या वाद्यवृंदाच्या गायिका अॅनी हॅस्लम यांसारखी नावे अपवाद म्हणूनच घ्यावी लागतात.

आणखी एक विवेक येथे आवश्यक आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये वेनर यांना प्रतिष्ठानाच्या संचालक मंडळावरून दूर करण्यात आले, ते कृष्णवर्णीय व स्त्री कलावंतांविषयी त्यांनी मुलाखतीत केलेल्या विधानांमुळे. या दोन समूहांची संस्थेकडून झालेली उपेक्षा आणि प्रोग्रेसिव्ह रॉकची उपेक्षा यांना एकाच मापाने मोजता येत नाही. पहिलीत सामाजिक अन्याय आहे, दुसरीत अभिरुचीचा संकोच. मात्र दोहोंचा उगम एका ठिकाणी सापडतो: एका लहान गटाने आपल्या तरुणपणीच्या आवडीला इतिहास मानले. 'रोलिंग स्टोन'ने २०१५ मध्ये प्रोग्रेसिव्ह रॉकच्या पन्नास श्रेष्ठ मुद्रिकांची यादी प्रसिद्ध करून तीत किंग क्रिमसनच्या पहिल्या मुद्रिकेस दुसरे स्थान दिले. नियतकालिकाची नवी पिढी बदलली, संस्था तेवढ्या वेगाने बदलली नाही.

प्रभावाचा पुरावा

निकष प्रभावाचा असेल तर किंग क्रिमसनची बाजू सर्वांत भक्कम ठरते. १९९४ पासून हा वाद्यवृंद पात्र आहे. फ्रिप यांची गिटार डेव्हिड बोवी यांच्या १९७७ च्या 'हीरोज'मध्ये ऐकू येते; बोवी १९९६ मध्येच समाविष्ट झाले. २००१ मध्ये टूल या अमेरिकी वाद्यवृंदाने किंग क्रिमसनला सोबत घेऊन दौरा केला. २०१० मध्ये कान्ये वेस्ट यांनी आपल्या 'पॉवर' या रचनेत १९६९ च्या पहिल्या मुद्रिकेतील अंश वापरला. हिप-हॉप आणि जड रॉक या परस्परभिन्न प्रवाहांना एकाच मुद्रिकेतून काही घेता येते, यापेक्षा प्रभावाचा ठळक पुरावा कोणता असू शकतो?

भारतीय श्रोत्यांनाही हा प्रवाह सर्वथा अपरिचित नाही. टलचे इयन अँडरसन यांनी हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत वादन केले आहे. २००८ च्या नोव्हेंबरमधील मुंबईवरील हल्ल्यानंतर तेथे नियोजित असलेला कार्यक्रम त्यांनी व अनुष्का शंकर यांनी पीडितांच्या मदतीसाठी नव्याने आयोजित केला होता. पाचगणीच्या शाळेत शिकलेले फ्रेडी मर्क्युरी यांच्या क्वीनचा समावेश २००१ मध्ये झाला. त्यांच्या आरंभीच्या मुद्रिकांवर प्रोग्रेसिव्ह रॉकची छाया स्पष्ट आहे, पण ज्या गीतांसाठी क्वीन गौरविले गेले ती वेगळी होती.

व्यक्ती आणि वाद्यवृंद

शेवटी एक रचनात्मक अडचणही ध्यानात घ्यावी लागते. हॉल ऑफ फेमच्या कल्पनेत 'बँड' म्हणजे चार-पाच मित्रांचा कायम संच. किंग क्रिमसनमध्ये अर्धशतकात वीसहून अधिक वादक आले-गेले. डिसेंबर २०२१ मध्ये टोकियो येथे झालेल्या अखेरच्या मैफलीपर्यंत केवळ फ्रिप तेवढे अखंड राहिले. अशा वृंदाचे स्वरूप मित्रमंडळापेक्षा घराण्याच्या जवळ जाते. कोणाला सन्मानाचे मानकरी ठरवायचे, हा प्रश्न येसच्या वेळीही उपस्थित झाला होता आणि तेथे आठ वादकांची निवड करून तो सोडविण्यात आला. पॅट्रिक मोराझ, ट्रेव्हर हॉर्न व जेफ डाउन्स बाहेर राहिले. तेव्हा ही अडचण असाध्य नाही.

या आठांत तालवादक बिल ब्रुफर्ड होते. १९७२ मध्ये येस सोडून ते किंग क्रिमसनमध्ये गेले आणि त्यांच्या कारकिर्दीतील मोठा भाग तेथे गेला. सन्मान मात्र आधीच्या वृंदाच्या नावाने मिळाला. मॅकडोनल्ड यांची कथा याहून बोलकी आहे. १९६९ च्या मुद्रिकेला तिचा मेलोट्रॉनचा नाद देणाऱ्या या वादकाने १९७६ मध्ये फॉरिनर या सुलभ, लोकप्रिय वाद्यवृंदाच्या स्थापनेत भाग घेतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. २०२४ मध्ये फॉरिनरचा समावेश झाला आणि त्याच्या सदस्यांपैकी एक म्हणून मॅकडोनल्ड यांचे नाव क्लीव्हलंडच्या यादीत दाखल झाले.